गिअरबॉक्स खोलायच्या आधी तेल तरी बघा

संपादक साहेब, स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत नवीन गाड्यांचं कौतुक भरपूर येतं, पण जुन्या ऑटोमॅटिकवाल्यांनी जायचं कुठं? माझी 2009 ची सेडान, चार गिअरची, टॉर्क कन्व्हर्टरवाली, म्हणजे इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारी. थंडीत सकाळी डी ला टाकली की दोन-तीन सेकंद ढिम्म, मग गचकन धक्का, आणि खंबाटकी चढताना दुसऱ्यातून तिसऱ्यात जायच्या वेळी आरपीएम सरळ चार हजारावर अन स्पीडचा काटा जागचा हलेना.

पहिल्या गॅरेजवाल्याने एक चक्कर मारली आणि सांगून टाकलं, गिअरबॉक्स गेला, नव्वद हजार धरून चाला. बॉनेटसुद्धा उघडलं नव्हतं हो!

मग नाना पेठेतल्या एका जुन्या मिस्त्रीकडे गेलो. त्यांनी आधी गाडी गरम करून सपाट जागेवर चालूच ठेवली, ब्रेक दाबून लिव्हर सगळीकडून फिरवून पी ला आणला, मग गिअरबॉक्सच्या तेलाची डिपस्टिक, म्हणजे लेव्हल बघायची पट्टी, काढून एक थेंब टिश्यू पेपरवर टाकला. नवीन तेल लालभडक असतं, आमचं कोऱ्या चहासारखं, आणि लेव्हल खालच्या खुणेच्याही खाली. तेल कमी की पंप हवा ओढतो, प्रेशर उशिरा बनतं, आतले क्लच घसरतात, म्हणून तो उशीर. पण जळका वास नव्हता, त्यावर म्हणाले, अजून जीव आहे हिच्यात. ड्राइव्ह शाफ्टच्या सीलमधून झिरपत होतं सगळं.

गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावला तर पी0700 हा बिघाडाचा कोड आला, तो फक्त गिअरबॉक्सची काहीतरी तक्रार आहे एवढंच सांगतो, खरं कळलं त्याच्या मागच्या पी0750 वरून, म्हणजे शिफ्ट सोलेनॉइड, गिअर बदलायला तेलाची वाट उघडणारा विजेवरचा व्हॉल्व्ह. लगेच नवा नाही घातला, मीटर लावून बघितलं तर सोलेनॉइड ठीक, कनेक्टरच्या पिनाच हिरव्या पडलेल्या. साफ केल्या, कोड परत आला नाही. खालचा पॅन काढला तर मॅग्नेटवर बारीक राखाडी चिखल, तो चालतो, धातूचे तुकडे दिसले असते तर मात्र खरंच खोलायला लागला असता. एका ड्रेनमध्ये सगळं तेल निघत नाही, बरंच कन्व्हर्टरमध्ये राहतं, म्हणून तीनशे किलोमीटरनंतर परत एकदा बदललं. तेल मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच, सीव्हीटीचं, म्हणजे पट्ट्यावर चालणाऱ्या बिनगिअरच्या ऑटोमॅटिकचं, चुकूनही नाही. फिल्टर धरून अकरा हजार झाले.

आणि एएमटीवाल्यांनी माझं वाचून लगेच तेल बदलत बसू नका, तो मॅन्युअलच गिअरबॉक्स असतो, फक्त क्लच अन गिअर अॅक्च्युएटर नावाचं यंत्र हलवतं, धक्के बसले तर आधी क्लच प्लेट अन अॅक्च्युएटर बघायचा.

माझं म्हणणं एवढंच की गॅरेजवाल्यांनी एस्टिमेटच्या कागदावर तेलाचा रंग, लेव्हल आणि स्कॅनरचे कोड लिहून द्यावेत, मग नव्वद हजार काय ते मागावेत. तुमच्या पुरवणीत याला पाव कॉलम जागा दिलीत तर बरं होईल.

गाडी आता तिसरा गिअर गुपचूप घेते. सील मागवलंय, ते यायचंय, तोवर दर रविवारी डिपस्टिक बघतोय.

आपला,
एक जुना वाचक, पुणे