कोणाच्या शत्रूला सामील झाले, मंत्रीमहोदय?

माननीय मंत्रीमहोदय,
स. न. वि. वि.

गेल्या 15 ऑगस्टला ठाण्यात आपण जाहीर केलंत की राहून गेलेल्या प्रत्येक स्वातंत्र्यसैनिकाचं नाव स्तंभावर कोरलं जाईल. मी लगेच अर्ज टाकला. परवा आपल्या खात्याचं उत्तर आलं: 'सदर व्यक्ती युद्धकैदी असताना शत्रूस सामील झाल्याचे अभिलेखावरून दिसून येते, सबब विनंती मान्य करता येत नाही.'

सदर व्यक्ती म्हणजे माझे आजोबा. आणि कोणाचा शत्रू, साहेब? 15 फेब्रुवारी 1942 ला सिंगापूर पडलं. दोन दिवसांनी फॅरर पार्कच्या मैदानात इंग्रजांनी आपले हिंदी जवान जपान्यांच्या हवाली केले. कोणी 40 हजार म्हणतं, कोणी 45. आझाद हिंद सेना त्यांच्यातूनच उभी राहिली, आजोबा तिच्यात गेले. युद्ध संपल्यावर इंग्रजांनी या लोकांचे, त्यांच्याशी कोण किती निष्ठावान यावरून, पांढरे, करडे, काळे असे गट पाडले. काळे म्हणजे बडतर्फ, वर पगार जप्त. आजोबा काळे. तोच कागद आज तुमचं खातं माझ्या तोंडावर मारतंय. 1947 साली राज्य बदललं, हे रेकॉर्ड रूमला कोणी कळवलेलं दिसत नाही.

जे सामील झाले नाहीत त्यांतल्या हजारोंना जपान्यांनी न्यू गिनीकडे मजुरीला नेलं, कितीतरी उपासमारीने मेले. आजोबा त्यांच्याबद्दल कधी वावगं बोलले नाहीत. त्यांचाही स्तंभ ठाण्यात मला तरी दिसलेला नाही.

आझाद हिंद सेनेचे अधिकारी म्हणून लाल किल्ल्यात ज्यांच्यावर इंग्रजांनी खटला चालवला ते शाहनवाज खान पुढे केंद्रात मंत्री झाले. त्याच सेनेतले, आपल्या सावंतवाडीकडचे जगन्नाथराव भोसले उपमंत्री झाले. इंडिया गेटपाशी नेताजींचा 28 फुटी पुतळा उभा आहे. सेनापती चालतो, अधिकारी चालतात, शिपाई तेवढा शत्रूचा!

या शिपायाने वागळे इस्टेटमध्ये रखवालदारी करून पाच पोरं वाढवली. पेन्शनसाठी गेले तर सहकैद्यांचे दाखले मागितले. निम्मे सहकैदी कुठे गेले ते देवाला ठाऊक, उरलेले पाकिस्तानात. आता मी घोडबंदर रोडच्या खड्ड्यांतून पाठीचे मणके खिळखिळे करत आपल्या कार्यालयात पोचतो. लिफ्ट बंद, गुडघे माझे, तिसरा मजला, आणि वर 'साहेब मीटिंगला गेलेत'. बिल्डरची फाईल एका रात्रीत तीन टेबलं पार करते म्हणतात. तिला लिफ्ट लागत नसावी. आम्ही जिवंत असल्याचा दाखला द्यायचा, मेल्याचा दाखला द्यायचा, आणि लढल्याचा दाखला मात्र इंग्रजांकडून आणायचा! टॅक्स भरताना कोणी विचारत नाही आजोबा काळे होते की करडे.

नाव कोरा अगर कोरू नका. ते वाक्य आपल्या सहीने, लेखी मागे घ्या. नाहीतर येत्या 15 ऑगस्टला हेच पत्र व्यासपीठासमोर उभा राहून मोठ्याने वाचीन. पोलिसांनी अडवलं, तर आधी त्यांना वाचून दाखवीन.

आपला,
एक नौपाडाकर