कांद्याची बातमी भूगोलाच्या तासाला हवी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सहावी ते आठवीच्या वर्गांत ‘चालू घडामोडी’ म्हणून जे शिकवले जाते, ती बहुधा स्पर्धा परीक्षेची अकाली सुरू केलेली तयारी असते. कोणत्या देशाचे अध्यक्ष कोण झाले, शिखर परिषद कुठे भरली, हे परिपाठाच्या वेळी फळ्यावर येते, वहीत उतरते आणि चाचणी संपली की विसरले जाते.

नाशिक जिल्ह्यात भूगोल शिकवताना माझ्या लक्षात आले आहे की, जगाचे व्यवहार एकमेकांत किती गुंतलेले आहेत हे समजावण्यासाठी कांद्यासारखे दुसरे उदाहरण नाही. ८ डिसेंबर २०२३ पासून केंद्र सरकारने कांदा निर्यातबंदी लागू केली, तेव्हा भाव कोसळले आणि लासलगावसह अनेक बाजार समित्यांमधील लिलाव बंद पडले, हे इथल्या मुलांना घरीच कळलेले असते. त्यांना माहीत नसते ते या निर्णयाचे दुसरे टोक. आपल्या कांद्यावर बांगलादेश आणि श्रीलंकेतील स्वयंपाकघरेही अवलंबून आहेत. २०१९ मधील अशाच बंदीनंतर बांगलादेशच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना यांनी दिल्लीत येऊन, आपण आचाऱ्याला कांद्याविना स्वयंपाक करायला सांगितल्याचे हसत हसत ऐकवले होते. जगाचा आपल्यावर होणारा परिणाम आपण मुलांना आवर्जून शिकवतो. आपल्या निर्णयांची झळ इतरांना कशी बसते, हे मात्र क्वचितच सांगतो.

द्राक्षांचेही तसेच. तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर युरोपकडे जाणारी बरीच जहाजे सुएझ कालवा टाळून आफ्रिकेला वळसा घालू लागली. पृथ्वीगोलावर न्हावा शेवा ते रॉटरडॅम या दोन्ही मार्गांवर दोरा ठेवून मोजायला सांगितले की फरक मुलांच्या हातात येतो, आणि शीतपेटीतल्या मालाचे वाढलेले भाडे शेवटी कोणाच्या माथी बसते, हा प्रश्न कोणीतरी विचारतोच. तो प्रश्न पाठ्यपुस्तकात नाही, आणि तिथे नसलेलेच बरे, कारण छापला की त्याचे ‘दोन वाक्यांत उत्तर द्या’ होते.

अशा बातम्यांमुळे वर्गात राजकारण शिरेल, ही मुख्याध्यापकांची आणि पालकांची भीती अगदीच निराधार नाही. परंतु बंदी शहरातल्या ग्राहकासाठी कशी होती आणि उत्पादकाला ती का नको होती, या दोन्ही बाजू मांडून शिक्षकाने स्वतःचे मत राखून ठेवले, तर बारा-तेरा वर्षांची मुले त्यावर चांगली चर्चा करतात. त्यासाठी रोज पाच बातम्या वाचण्याऐवजी एकच बातमी महिनाभर धरून ठेवावी लागते. ४ मे २०२४ रोजी बंदी उठली तीही ४० टक्के निर्यातशुल्क आणि टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य ठेवून, हे बातमीचा पाठपुरावा करणाऱ्यालाच कळते.

या कामी आपल्या दैनिकाची मदत होऊ शकेल. शेतमालाच्या आयात-निर्यातीच्या बातमीसोबत माल कुठून कुठे जातो हे दाखवणारा साधा नकाशा छापावा, आणि तो काळ्या-पांढऱ्या छायाप्रतीतही वाचता येईल असा असावा, एवढी विनंती.

– एक भूगोल शिक्षिका, निफाड तालुका (जि. नाशिक)