नामांचे तक्ते नकोत, प्रत्ययांची ओळख करून द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या सोसायटीतली, सेमी-इंग्रजीत सातवीला असलेली मुलगी परवा वही घेऊन आली. क्रियापदापासून नाम तयार करा, असा प्रश्न होता. 'अराइव्ह'पुढे तिने 'अराइव्हमेंट' लिहिले होते. त्यावर लाल फुली, आणि 'अराइव्हल' दहा वेळा लिहिण्याची सूचना. मला त्या फुलीचे फार वाईट वाटले. 'मूव्ह'चे 'मूव्हमेंट', 'एन्जॉय'चे 'एन्जॉयमेंट' होते हे पोरीने आपल्या आपण हेरले होते. फक्त प्रत्यय चुकला. गरिबीला 'गरीबता' म्हणणाऱ्या लहानग्यावर आपण फुली मारतो का?

मी मराठीपासून सुरुवात केली. मोठा-मोठेपणा, शांत-शांतता, पाटील-पाटीलकी, गोड-गोडवा. ही नामे तिच्याकडून कुणी घोकून घेतली नव्हती. मग 'काइंडनेस' तिला मोठेपणाच्या जातीचे वाटले. सुंदरचे सौंदर्य आणि धीरचे धैर्य होताना मात्र शब्द आतून बदलतो. 'स्ट्राँग'चे 'स्ट्रेंग्थ', 'लाँग'चे 'लेंग्थ' होताना तेच घडते, हे कळल्यावर तिचा चेहरा खुलला.

आपल्याकडे 'पणा' घरचा, 'ता' आणि 'त्व' संस्कृतातले, 'गिरी' फारसीतून आलेली. इंग्रजीतही 'नेस', 'हूड', 'शिप', 'डम' हे जुने घरचे प्रत्यय. 'मेंट', 'शन', 'इटी' हे फ्रेंच-लॅटिनकडचे. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर फ्रेंच शब्दांचा ओघ सुरू झाला. 'फ्रीडम' असताना 'लिबर्टी'ही आहे, ती त्यामुळेच. पाहुण्या प्रत्ययांनी बऱ्याचदा मूळ शब्दाचा उच्चारही हलतो: 'इलेक्ट्रिक'मधल्या 'क'चा 'इलेक्ट्रिसिटी'त 'स' होतो. 'प्रोनाउन्स'चे 'प्रनन्सिएशन' होताना तर स्पेलिंगमधला एक 'ओ' गळतो, आणि इथे मोठी माणसेही चुकतात.

ठाण्यात सेमी-इंग्रजीची मुले पुष्कळ आहेत. त्यांच्या मराठीच्या आणि इंग्रजीच्या बाईंनी भाववाचक नामांचा धडा एकाच आठवड्यात घ्यावा, एवढीच माझी विनंती आहे. जादा पुस्तक लागत नाही, जादा तासही नाही.

निघण्यापूर्वी त्या मुलीने 'रिफ्यूजल' आणि 'अप्रूव्हल' ही 'अराइव्हल'ची भावंडे स्वतःच शोधून काढली. दहा वेळा लिहिण्याचा गृहपाठ तिला तरीही करावाच लागला.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, नौपाडा, ठाणे