ऑइलचा लाल दिवा लागला म्हणून लगेच हाफ इंजिन करू नका

माननीय संपादक,
स. न.

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तोंडावर आलीय, आता घराघरातल्या जुन्या गाड्या कव्हर काढून बाहेर येतील, बाजार, गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या माटोळीचं सामान, पाहुणे, सगळं त्यांच्यावरच. म्हणून आत्ताच लिहितोय. माझी मारुती 800 आहे, 1999 ची, कार्ब्युरेटरवाली, साखळीत आमच्या गल्लीत तिला सगळे म्हातारी म्हणतात. गेल्या वर्षी बेळगावला जायला निघालो, केरी सोडून चोर्ला घाट चढायला लागलो आणि दुसऱ्या गिअरवर गाडी जोरात ओढत असताना ऑइलचा लाल दिवा लागला. पाय काढला की विझायचा, परत रेस दिली की परत लागायचा. थांबलो, बंद केली, डिपस्टिक बघितली तर ऑइल बरोबर मार्कावर. पुढे न जाता मागे वळलो आणि उतारावरून हळूहळू घरी आलो. खरं तर टो करूनच आणायला हवी होती, तेवढा मूर्खपणा माझा.

पहिल्या गॅरेजवाल्याने आधी प्रेशर स्विच, म्हणजे ऑइलचं प्रेशर पडलं की हा दिवा लावणारा स्विच, बदलला, म्हणाला हाच खराब असतो. असतो पण बऱ्याचदा, त्याची तपासणी सोपी आहे, इग्निशन चालू ठेवून स्विचची वायर काढायची, दिवा विझला तर वायर ठीक, तरीही जळत राहिला तर वायर कुठेतरी बॉडीला टेकतेय. आमच्याकडे नवीन स्विच लावूनही दिवा तसाच. मग त्याने जाडं 20डब्ल्यू50 ऑइल भरलं, तर सकाळी थंड इंजिनवर दिवा आधीपेक्षा जास्त लागायला लागला! यावर तो म्हणाला काका, बेरिंग गेलं, हाफ इंजिन करावं लागेल, म्हणजे इंजिन उघडून आतली दुरुस्ती, 18 हजार. गेज लावून प्रेशर किती येतंय ते मोजायचं त्याला सुचलंच नाही, आणि मलाही विचारायचं सुचलं नाही.

डिचोलीच्या बाजूला एक म्हातारे मेस्त्री आहेत, शेजाऱ्याने तिकडे पाठवलं. त्यांनी पहिलं काम काय केलं तर स्विच काढून त्याच भोकात घड्याळासारखं गेज लावलं आणि इंजिन चांगलं गरम होईपर्यंत गप्प बसून राहिले. गरम आयडलला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, प्रेशर सव्वा किलो (दर चौरस सेंटिमीटरला), म्हणजे माझ्या इंजिनाला पुष्कळ. मग रेस दिली, काटा तीनपर्यंत गेला आणि तिथे टिकण्याऐवजी खाली यायला लागला. मेस्त्री हसले, म्हणाले, "पात्राव, बेरिंग बरें आसा, ताका तेल पावना." म्हणजे साहेब, बेरिंग चांगलं आहे, त्याला तेल पोचत नाही. नंतर समजावलं ते मला तरी आधी कधी कुणी सांगितलं नव्हतं. बेरिंग किंवा पंप झिजला की प्रेशर आधी पडतं ते गरम आयडलला, कारण तेल पातळ झालेलं आणि पंप हळू फिरतोय, रेस दिली की काटा वर जातो. माझं नेमकं उलटं होतं. रेस वाढली की पंपाला जास्त तेल पाहिजे आणि पंप ज्यातून तेल ओढतो ती खालची जाळी तेवढं देत नाही, म्हणजे जाळी तुंबलेली, चोक. जाडं ऑइल भरल्यावर सकाळी बिघडलं तेही त्यामुळेच, जाडं तेल त्याच चोक जाळीतून ओढणं आणखी कठीण.

चेंबर, म्हणजे इंजिनाखालची ऑइलची टाकी, उतरवला तर तळ आत दबलेला, मोठ्या वाटीएवढा पोचा, आणि तो थेट जाळीला टेकलेला. जाळीत काळा गाळ आणि त्यात निळ्या सिलिकॉनच्या बारीक चिंध्या, म्हणजे कधीतरी कुणीतरी चेंबर बसवताना पॅकिंगला सीलंट चोपडलेलं, तेच आत गळून पडलं. पोचा कुठला ते सांगायला नको, आमच्या रस्त्यावरच्या गतिरोधकांचा.

मग पंपही बदलला. या इंजिनात पंप क्रँकच्या टोकावर बसतो, टायमिंग बेल्टच्या मागे, तो काढायचा म्हणजे पुली, बेल्ट, चेंबर सगळंच उतरवावं लागतं. पंप उघडून बघितलं तर आतल्या फिरत्या रोटरवर ओरखडे होते, उपाशी फिरल्यामुळे. बेल्टही तसा बदलायच्या वेळेला आलाच होता, म्हणून एकाच मजुरीत पंप, बेल्ट, क्रँकचं पुढचं सील असं सगळं केलं. नवीन पंपात बसवण्याआधी ऑइल भरलं, फिल्टर नवा, आणि इंजिन पेटू नये म्हणून कॉइलची वायर काढून नुसता स्टार्टर थोडा थोडा मारत राहिले, दिवा विझल्यावरच इंजिन चालू केलं. हे न करता सरळ चालू करणारे मी बघितलेत, कोरडा पंप तेल ओढेपर्यंत बेरिंग सुकं फिरतं. सगळं मिळून खर्च 18 हजारांच्या निम्म्याच्याही खाली आला.

आमच्या शेजाऱ्याच्या पद्मिनी गाडीची गंमत तर वेगळीच. दिवा गरम आयडलला लुकलुकायचा, बाणस्तारीला ट्रॅफिकमध्ये उभी राहिली की हमखास. तिथेही कुणीतरी ऑइल पंप गेला असं सांगितलं होतं. पण डिपस्टिकवर ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढत होतं आणि वास घेतला तर पेट्रोलचा! इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा पडदा फाटून पेट्रोल चेंबरमध्ये जात होतं, तेल पाण्यासारखं झालेलं. पडदा बदलला, ऑइल बदललं, संपलं.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा, हा दिवा पेट्रोलच्या काट्यासारखा नाही, पुढच्या पंपापर्यंत जाऊ म्हणायचं नाही. तो लागतो तेव्हा प्रेशर अर्ध्या किलोच्याही खाली आलेलं असतं, गाडी बाजूला घेऊन तिथेच बंद. आणि गॅरेजवाला इंजिन उघडायचं म्हणाला की आधी गेज लावायला सांगा, गरम इंजिनवर, आयडलला आणि रेसवर दोन्ही वेळा. गेज नाही म्हणाला तर दुसरीकडे जा, नाराज झाला तर होऊ दे.

आता गतिरोधकांचं. इंडियन रोड्स काँग्रेसचा नियम आहे, उंची 10 सेंटिमीटर, रुंदी 3.7 मीटर, वरून गोल. आमच्याकडे शाळेजवळचा एक आहे तो पायरीसारखा आहे, रंग नाही, पाटी नाही, पावसात अजिबात दिसत नाही. मारुतीचा ग्राउंड क्लिअरन्स कागदावर 170 मिलिमीटर, पण पाच माणसं आणि डिकीत नारळ असले की किती उरतो ते तुम्हीच सांगा. संबंधित खात्याला दोनदा अर्ज दिला, पोच मिळाली, माणूस काही आला नाही. गेल्या आठवड्यात त्याच ठिकाणी परत खालून खट्ट आवाज आला, चिखलात वाकून बघितलं, थेंब पडत नव्हता, पण मेस्त्र्यांनी ठोकून सरळ केलेल्या जागी नवा ओरखडा होता.

आपला एक वाचक,
साखळी, गोवा