लिनन शेतात नव्हे, कातणीपाशी अडते

महोदय,

सामूहिक जवस-लागवड आणि जवसाच्या काडीतील धाग्यापासून होणाऱ्या लिननचे शाश्वत कपडे यांविषयी आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख आस्थेने वाचला. लोकांनी एकत्र येऊन स्वतःच्या अंगावरचे कापड स्वतः पिकवावे, ही कल्पना मला मनापासून आवडते आणि एका छोट्या गटाबरोबर मी ती दोन हंगाम करूनही पाहिली आहे. लेखाचा सगळा भर मात्र जमीन, बियाणे आणि पेरणी यांवर आहे. आमचा अनुभव असा, की शेत हा या कामातला सर्वांत सोपा भाग आहे आणि पुढची तयारी नसेल तर काढलेले पीक खोलीच्या कोपऱ्यात पेंढ्यांच्या रूपाने पडून राहते.

पिकाबद्दल थोडेच सांगतो. तेलासाठी लावतात तो जवस बुटका व फांद्या फुटणारा असतो. धाग्यासाठी उंच, सरळ वाढणारे वाण लागते आणि ते इतके दाट पेरावे लागते, की रोपांना फांद्या फुटायला जागाच उरू नये. निळी फुले सकाळी उमलतात आणि दुपारपर्यंत गळून पडतात. साधारण १०० दिवसांत पीक काढणीला येते. ते कापत नाहीत, मुळासकट उपटतात, कारण धागा काडीच्या पूर्ण लांबीचा असतो आणि कापले तर ती लांबी वाया जाते. त्याच जमिनीत पुन्हा जवस घ्यायचा तर मर रोगाच्या भीतीने सहा-सात वर्षे थांबावे लागते, ही गोष्ट एकच वाफा हाती असलेल्या गटाने आधीच लक्षात घ्यावी.

खरी परीक्षा कुजवण्यात आहे. काडीच्या लाकडी गाभ्याला धागा ज्या चिकट द्रव्याने धरून ठेवलेला असतो, ते बुरशीने किंवा जिवाणूंनी खाल्ल्याशिवाय धागा सुटत नाही. त्यासाठी काड्या दवात काही आठवडे पसरून ठेवतात आणि उलटत राहतात, किंवा पाण्यात बुडवतात. पाण्यातले काम लवकर होते, पण त्या पाण्याला असह्य दुर्गंधी येते आणि त्यातला प्राणवायू संपून मासे मरतात; म्हणून वाहत्या ओढ्यात किंवा तळ्यात पेंढ्या टाकणाऱ्याने ‘पर्यावरणपूरक’ हा शब्द उच्चारू नये. कमी कुजले तर धागा काडीला सोडत नाही, जास्त कुजले तर तोच तुटतो. काडी मोडून पाहिली असता धागा धनुष्याच्या दोरीसारखा ताणून वेगळा झाला, की काड्या उचलायच्या, असा जुना संकेत आहे. आम्ही पहिल्या वर्षी दोन दिवस उशीर केला. नेमक्या त्या दोन दिवसांत पाऊस झाला आणि निम्म्याहून अधिक वाखाचा, म्हणजे काडीतून सुटलेल्या धाग्याचा, चोथा झाला.

त्यानंतर काडी कुटणे, झोडणे आणि लोखंडी दातांच्या फण्यांवर वाख विंचरणे ही कामे येतात. शंभर किलो वाळलेल्या काड्यांतून लांब वाख पंधरा-वीस किलोच हाती लागतो; उरलेल्यात भुसकट आणि आखूड वाख असतो. आता कातणीचा हिशेब पाहावा. एका सदऱ्याला दोन चौरस मीटर कापड आणि त्यात दर सेंटिमीटरला ताण्याचे (उभे) पंधरा व बाण्याचे (आडवे) पंधरा धागे धरले, तर सुमारे सहा किलोमीटर सूत लागते. बोटे ओली करून सफाईने कातणाऱ्या माणसाला तासाला दोनशे मीटर जमले असे मानले, तरी एका सदऱ्यासाठी नुसत्या कातणीचे तीस तास होतात. विणणे, धुणे व शिवणे यांचा वेळ वेगळाच.

मोठ्या उद्योगाचीही गाठ इथेच बसली आहे. जगातील लांब धाग्याच्या जवसापैकी बहुतांश पीक फ्रान्स, बेल्जियम आणि नेदरलँड्स येथे येते, पण त्यातला मोठा वाटा कातण्यासाठी चीनला जातो. शेतापासून दूर जाऊन परत आलेल्या कापडालाच मग ‘स्थानिक’ म्हटले जाते. फ्रान्समध्ये साफिलँ या कंपनीने २०२२ मध्ये बेथ्यून येथे पुन्हा कातणी सुरू केली, ती याच कारणाने महत्त्वाची. इंग्लंडमधील ब्लॅकबर्न येथे २०२१ मध्ये स्वयंसेवकांनी पडीक जागेवर जवस आणि निळा रंग देणारी वोड ही वनस्पती लावली, नेदरलँड्समधील आर्नहेम येथे भागधारक वर्गणी भरून शेतात स्वतः राबले. या दोन्ही प्रयोगांबद्दल मला आदर आहे, पण त्यांचे मोल मी किती मीटर कापड निघाले यावर ठरवणार नाही. हाताने काम केलेल्या माणसाला कपड्यामागचे श्रम कळतात, ते त्यांचे खरे उत्पन्न.

लेखातील ‘लिननला पाणी आणि औषधे लागतच नाहीत’ हे विधानही तपासून घ्यायला हवे. युरोपच्या वायव्य किनाऱ्यावर पाऊस पुरतो म्हणून तेथे सिंचन लागत नाही. कोरड्या मुलुखात तसे होणार नाही. जवसाची कोवळी रोपे तणापुढे टिकत नाहीत, त्यामुळे मोठ्या शेतांवर तणनाशके वापरली जातात आणि गटाच्या वाफ्यात कोणाला तरी गुडघ्यांवर बसून खुरपावे लागते. लिननची जमेची बाजू दुसरीकडे आहे. हा धागा ओला झाला की अधिक बळकट होतो, म्हणून वारंवार धुणे सोसतो. लंडनच्या पेट्री संग्रहालयातील इजिप्तमधील तारखान येथे सापडलेला सदरा पाच हजार वर्षांहून जुना आहे आणि तो लिननचाच आहे. (सुरकुत्यांची तक्रार करणाऱ्यांनी त्याच्या बाह्यांवरच्या चुण्या जरूर पाहाव्यात.)

तेव्हा नव्याने गट काढणाऱ्यांनी बियाणे मागवण्याआधी काड्या कुटण्याचे एक साधन, दोन फणे आणि कातायला बसणारी चार-पाच माणसे जमवावीत, आणि पहिल्या वर्षी दहा चौरस मीटरपेक्षा अधिक पेरू नये. सदऱ्याऐवजी हातरुमाल विणण्याचे ठरवले, तर हंगामाच्या शेवटी हाती काहीतरी पुरे झालेले असेल. आपल्या पुरवणीने पुढचा लेख कुजवणी आणि कातणी यांवर द्यावा, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक