ऑर्डर, ग्राहक आणि पत्ता

प्रिय निखिल,

सप्रेम नमस्कार.

ऑर्डरमधून ग्राहक, ग्राहकातून पत्ता आणि पत्त्यातून पिनकोड काढणारी तुझी जावातली ती लांबलचक ओळ चाचणीत चालली आणि खऱ्या डेटावर मात्र नलपॉइंटरएक्सेप्शन (ऑब्जेक्ट हवा तिथे नल, म्हणजे ‘काहीच नाही’, सापडल्याची चूक) देऊन कोसळली, याचे तुला नवल वाटते. मला दोष त्या ओळीपेक्षा तिच्या मागच्या क्लासांमध्ये दिसतो.

प्रत्येक डॉटपाशी आपण एका ऑब्जेक्टमधून दुसऱ्यात शिरतो आणि तिथे नल भेटेल की नाही, हे त्या दोन क्लासांच्या नात्यावर ठरते. ग्राहकाशिवाय ऑर्डर संभवतच नसेल, तर ग्राहक कन्स्ट्रक्टरमध्येच, म्हणजे ऑर्डर तयार होतानाच, मागून घे, तो नल नाही ना हे ऑब्जेक्ट्स क्लासच्या रिक्वायरनॉननलने तपास आणि ते फील्ड फायनल कर, म्हणजे नंतर त्यात दुसरे काही ठेवता येणार नाही. मग पुढे कुठेही शंका घ्यावी लागणार नाही. पत्त्याचे तसे नाही. दुकानातून माल हातोहात नेणाऱ्याचा पत्ता नोंदलेलाच नसतो आणि ही गोष्ट क्लासने उघड सांगायला हवी. जावा ८ मध्ये, म्हणजे २०१४ साली, ऑप्शनल (आत मूल्य असेल किंवा नसेल, असे उघड सांगणारी डबी) आले ते यासाठीच: गेटॲड्रेसने ऑप्शनल परत करावे, पिनकोड मॅपने काढावा आणि तो नसेल तेव्हा काय करायचे ते ऑरएल्समध्ये लिहावे. फील्ड मात्र साध्या ॲड्रेस प्रकाराचेच ठेव. पत्ते अनेक असतील, तर नलऐवजी रिकामी लिस्ट परत कर.

याहून बरा उपाय म्हणजे बिल छापणाऱ्या क्लासने ग्राहकाच्या पोटात शिरूच नये. त्याने ऑर्डरलाच डिलिव्हरीचा पिनकोड विचारावा. अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठात १९८७ मध्ये मांडलेला ‘लॉ ऑफ डेमीटर’ हेच सांगतो. मात्र जेसनमधून (डेटा पाठवण्याच्या मजकुरी स्वरूपातून) आलेल्या निव्वळ डेटाच्या क्लासांना तो नियम लावत बसणे मला सोवळेपणाचे वाटते.

तुमच्याकडे अजून जावा ८ असल्याने एक्सेप्शनमध्ये फक्त ओळीचा क्रमांक दिसतो. जावा १५ पासून नेमकी कोणती मेथड नल देऊन गेली, तेही आपोआप छापले जाते. तोवर ती ओळ तोडून प्रत्येक टप्पा वेगळ्या व्हेरिएबलमध्ये घे.

दोन्ही क्लास जसेच्या तसे पाठव. ऑर्डरमध्ये ग्राहक आणि ग्राहकात ऑर्डरची लिस्ट असेल, तर टूस्ट्रिंग, म्हणजे ऑब्जेक्टचा मजकूर बनवणारी मेथड, आधी बघ. दोघे एकमेकांना छापू लागले की स्टॅकओव्हरफ्लो, म्हणजे न संपणाऱ्या कॉल्सनी स्टॅक भरून कोसळणे, ठरलेला.

तुझा,
केदार