पाहणीचे प्रश्न कोणाला विचारले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत जर्मनीतील 'फेराइन फ्यूर सोत्सिआलपोलिटिक', म्हणजे सामाजिक धोरण संघ, या संस्थेवर लेख वाचला. इतक्या दूरच्या विषयाला मराठी वृत्तपत्रात जागा मिळाली, याचा अर्थशास्त्राचा निवृत्त अध्यापक म्हणून मला आनंद वाटला. मात्र 'बिस्मार्ककडून कामगार विम्याचे कायदे करवून घेणारी समाजवादी संघटना' अशी जी ओळख लेखात करून दिली आहे, ती दोन्ही अंगांनी चुकीची असून, तिच्यामुळे संस्थेचे खरे काम झाकले जाते.

आधी 'समाजवादी' या शब्दाविषयी. ऑक्टोबर १८७२ मध्ये आयसेनाख या गावी सुमारे दीडशे प्राध्यापक, अधिकारी आणि कारखानदार जमले, आणि पुढच्या वर्षी संस्थेची रीतसर स्थापना झाली. गुस्टाव श्मोलर, लुयो ब्रेंटानो, आडोल्फ वाग्नर ही त्यांतील ठळक नावे. पहिल्या बैठकीचे विषय तीनच होते: कारखान्यांचे कायदे, संप आणि कामगार संघटना, आणि घरांचा प्रश्न. घरांवर बोलले एर्न्स्ट एंगेल. उत्पन्न वाढते तसा अन्नावरील खर्चाचा वाटा घटतो, हा त्यांचा नियम आपल्याकडे बी.ए.चे विद्यार्थीही पाठ करतात. या मंडळींना राजेशाही उलथायची नव्हती की खासगी मालमत्ता संपवायची नव्हती. बाजाराने सगळे आपोआप ठीक होते हे त्यांना पटत नव्हते, इतकेच. खुल्या व्यापाराचे समर्थक असलेल्या ओपनहाइम या पत्रकाराने त्यांना 'कॅथेडर-सोशलिस्ट', म्हणजे वर्गातल्या व्याख्यानपीठावरून बोलणारे समाजवादी, असे हिणवले आणि ते नाव चिकटले. खऱ्या समाजवाद्यांना मात्र ही मंडळी कधीच आपली वाटली नाहीत.

आता विमा. आजारपणाचा कायदा १८८३ चा, अपघाताचा १८८४ चा, वृद्धत्व आणि अपंगत्वाचा १८८९ चा. या कायद्यांना अनुकूल हवा तयार करण्यात संघाचा वाटा होता, हे खरे. परंतु कायदे घडले ते बिस्मार्क या तेव्हाच्या जर्मन चान्सेलरच्या राजकीय हिशेबातून आणि टेओडोर लोमान यांच्यासारख्या अधिकाऱ्यांच्या मसुद्यांतून, आणि तेही समाजवाद्यांच्या सभा-वृत्तपत्रांवर १८७८ पासून बंदी असताना. संघाला तर त्याच सुमारास स्वतःची घडी सांभाळणे कठीण झाले होते. १८७९ मध्ये जकातीच्या प्रश्नावर सभासदांत इतकी फूट पडली, की पुढे ठराव मतास टाकण्याची प्रथाच त्यांनी सोडून दिली. माझ्या मते संस्थेचे मोठेपण इथून सुरू होते, कारण ठराव थांबले आणि पाहण्या वाढल्या. संघाच्या ग्रंथमालेत त्या पाहण्यांचे शंभराहून अधिक खंड निघाले.

त्या पाहण्यांतला दोषही लेखात यायला हवा होता. १८८७ मध्ये संघाने ग्रामीण सावकारीवर एक खंड काढला. माहिती कोणी दिली? अधिकाऱ्यांनी, पाद्र्यांनी, शेतकी संघांच्या पुढाऱ्यांनी. कर्ज घेणारा शेतकरी त्यात जवळजवळ नव्हताच, आणि सावकार म्हणजे ज्यू हा पूर्वग्रह मात्र उत्तराउत्तरांत उतरला होता. गोटलीब श्नापर-आर्न्ट या फ्रँकफुर्टच्या संख्याशास्त्रज्ञाने पुढच्याच वर्षी या पद्धतीची चिरफाड केली. ऐकीव मताला माहिती म्हणू नये, असा त्याच्या टीकेचा रोख होता.

संघाने ते लगेच मनावर घेतले नाही. पुढची मोठी पाहणी शेतमजुरांची होती आणि तिच्या प्रश्नावल्या गेल्या जमीनदारांकडे. एल्ब नदीच्या पूर्वेकडील प्रदेशाची उत्तरे ज्याच्या वाट्याला आली, तो पुढे समाजशास्त्रज्ञ म्हणून गाजलेला मॅक्स वेबर तेव्हा अठ्ठावीस वर्षांचाही नव्हता. १८९२ मध्ये त्याने त्यांतून जवळजवळ नऊशे पानांचा ग्रंथ उभा केला. तिथल्या वर्षाच्या करारावरील गड्याला 'इन्स्टमान' म्हणत. त्याला राहायला घर, जमिनीचा तुकडा, गाईला चराई आणि मळणीच्या धान्यात वाटा मिळे; बदल्यात त्याला कामावर आणखी एक माणूस आणावा लागे. धान्याचा भाव वाढला की मालकाबरोबर त्याचाही फायदा होई. मळणीयंत्र आले, बीटाची लागवड वाढली, सीमेपलीकडून हंगामी पोलिश मजूर येऊ लागले, आणि वाट्याच्या जागी रोकड मजुरी आली. पोट भरत असूनही माणसे गाव सोडत होती, कारण त्यांना कोणाच्या ताबेदारीत राहायचे नव्हते, हे वेबरने मालकांनीच भरलेल्या कागदांतून ओळखले. त्याच वेबरने पोलिश मजुरांना सीमा बंद करा अशी मागणी केली, हेही लपवू नये. त्याच्या राष्ट्रवादाने त्याच्या निरीक्षणावर पुष्कळदा मात केली आहे. पण मालकांकडून मजुरांची कहाणी ऐकण्यातली उणीव त्याला जाणवली होती. म्हणूनच त्याने लगेच पाउल ग्योरे या धर्मोपदेशकाला हाताशी धरून, दुसऱ्या एका संस्थेमार्फत, गावोगावच्या पाद्र्यांकडून नवी पाहणी करवली. हा ग्योरे स्वतः केम्निट्सच्या कारखान्यात तीन महिने वेष बदलून राबला होता.

हे वाचताना मला माझीच एक फजिती आठवते. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी ऊसतोड मजुरांच्या पाहणीचे कागद घेऊन मी एका फडावर गेलो होतो. मुकादमाने बाज टाकून मला बसवले, चहा दिला आणि अकरा कोयत्यांची, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोड्यांची, उत्तरे स्वतःच सांगून टाकली. उचल किती, फिटली किती, मुले शाळेत जातात का, सगळे. मी ती निमूटपणे उतरवून घेतली. कोपीपाशी भाकरी थापणारी बाई मध्येच हसली, ती का हसली हे विचारण्याचे मात्र मला सुचले नाही.

संघाला ते अखेर सुचले, पण त्यासाठी विसावे शतक उजाडावे लागले. १९०७ नंतर मोठ्या कारखान्यांतील कामगारांची पाहणी ठरली, तिच्यात आल्फ्रेड आणि मॅक्स वेबर हे बंधू पुढे होते. या वेळी सत्तावीस प्रश्न थेट कामगारांसाठी होते: आजोबा काय करत, हा धंदा का निवडला, दिवसाच्या कोणत्या वेळी थकवा येतो, सुटीत काय करता, म्हातारपणी कशावर जगाल असे वाटते. अनेक ठिकाणी कामगारांनी कागद भरलेच नाहीत; प्राध्यापकांवर त्यांनी विश्वास तरी का ठेवावा? मारी बेर्नाइस ही पंचविशीतली तरुणी मात्र १९०८ मध्ये म्युन्शनग्लाडबाखच्या सूतगिरणीत ओळख न सांगता कांड्या भरण्याच्या कामाला लागली. काही आठवडे तिने तिथल्या बायकांबरोबर काम केले, आणि मग संचालकांना खरे सांगून मजुरीच्या वह्या पाहण्याची परवानगी मिळवली. १९१० मध्ये तिचा अभ्यास संघाच्या मालेत आला. आपल्या लेखात तिचे नावही नाही.

१९०९ च्या व्हिएन्ना परिषदेतील खडाजंगीबद्दल लेखकाने पुष्कळ लिहिले आहे, म्हणून मी थोडक्यात आटोपतो. काय आहे हे अभ्यासकाने सांगावे, काय असावे हे शास्त्राच्या नावावर खपवू नये, असा मॅक्स वेबर आणि अर्थतज्ज्ञ वर्नर सोम्बार्ट यांचा आग्रह होता. पुढे १९३६ मध्ये, नाझी राजवटीत, संघ विसर्जित झाला, हे लेखातून निसटले आहे. १९४८ मध्ये तो पुन्हा उभा राहिला. आज ती मुख्यतः जर्मन भाषक अर्थतज्ज्ञांची संघटना असून दर वर्षी परिषद भरवते. नावातला 'सी' मात्र तिने जुन्या वळणाचाच ठेवला आहे, आजच्या जर्मनप्रमाणे तिथे 'झेड' यायला हवा.

एक धागा आपल्याकडचाही आहे. वेबरचा ग्रंथ निघाला त्याच १८९२ साली न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान दिले. अर्थशास्त्राचे नियम सर्व देशांना आणि सर्व काळांना सारखे लागू पडत नाहीत, हे सांगताना त्यांनी फ्रीडरिश लिस्ट हा जर्मन अर्थतज्ज्ञ आणि एकूण जर्मन परंपरा यांचा आधार घेतला होता. श्मोलर प्रभृती त्याच परंपरेतले.

लेखकमहाशयांना एक विनंती आहे. पुढचा लेख लिहावा तो बिस्मार्कवर न लिहिता त्या सत्तावीस प्रश्नांवर लिहावा, आणि जमल्यास ते सगळे प्रश्न मराठीत छापावेत. पाहणीचे कागद घेऊन हिंडणारी मुले आजही आहेत, त्यांना ते उपयोगी पडतील.

आपला,
एक निवृत्त अध्यापक, सातारा